पहिला खांदा

रामप्रसादच्या घरात दोन कॅलेंडरं होती. एक भिंतीवरचं, त्याच्या बायकोचं, दैवशालाबाईचं. त्यात उपास आणि गॅस कधी लागला याच्या खुणा. दुसरं रामप्रसादच्या डोक्यात, आणि ते निवडणुकांवर चालायचं. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागले की परत. त्याच्या गावात, वाटुरात, निवडणूक म्हटलं की लोकांना जेवणावळी आठवत. याला मात्र मधला महिना-दीड महिना खुंटी रिकामी दिसायची आणि जेवण गोड लागायचं नाही. "सवत माहेरी गेली," असं दैवशालाबाई शेजारणीला सांगायची आणि दोघी हसायच्या.

सतरा वर्षं फौजेत काढून रामप्रसाद गावी परतला होता आणि फाट्यावरच्या जिनिंगमध्ये रखवालदार होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की फाटकावर गाड्यांची रांग लागे, आणि स्वतःची बंदूक असलेला माणूस मालकाला हवाच असे. बंदूक बारा बोअरची, पंप अ‍ॅक्शन. नळीखालची मूठ मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं सारली की भरलेलं आत. त्या दोन हालचालींचा आवाज ऐकला की अर्ध्या भांडखोरांचं भांडण तिथंच मिटतं, असा त्याचा अनुभव होता. नऊ वर्षांत माणसावर काय, कुत्र्यावरही त्यानं ती झाडली नव्हती.

तिच्यावर जीव मात्र फार. गावातली पोरं ट्रॅक्टरला रंगीत दिवे आणि झालरी लावतात, तसा हा बंदूक सजवायचा. पट्टा कातडी केला. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी काढून पितळेचा बसवला. आणि मागच्या हिवाळ्यात सगळ्यात मोठं काम काढलं: कंपनीचा प्लास्टिकचा दस्ता काढून शिसवीचा, स्वतःच्या मापाचा दस्ता करवून घेतला.

तो केला इस्माईलभाईंनी. जुन्या जालन्यात एका गल्लीच्या टोकाला त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला भिंतीला पाठ लावावी लागते. वय सत्तरीला टेकलेलं, पण हात असा की कानस लाकडावर फिरते आहे का नुसती हवेत, कळू नये. त्यांनी रामप्रसादचा हात कोपरात दुमडला आणि कोपराच्या घडीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत टेप लावला.

"साडेचौदा. बराबर फौजी माप आहे तुमचं," ते म्हणाले. हे माप ते दस्त्याच्या मागच्या तोंडावर शिसपेनीनं लिहीत आणि वर रबराची गादी स्क्रूनं बसवून टाकत. कुणाला दिसायचं नाही, पण आत असायचं.

दस्ता घ्यायला रामप्रसाद गेला, तेव्हा नात बरोबर होती. मीना, तिसरीतली. मुलगा हरिओम आणि सून प्रियदर्शनी चाकणला कंपनीत, दोघांच्याही पाळ्या; म्हणून पोर तीन वर्षांची असल्यापासून आजी-आजोबांकडं. पोर बोलायला कमी, बघायला जास्त. डावरी होती. शाळेतल्या बाईंनी तिची सवय मोडायचा एक वर्ष प्रयत्न केला आणि मग हात टेकले.

दस्त्याला जवसाचं तेल नुकतंच चोळलेलं होतं. "थांबा जरा, फडकं आणतो," म्हणून इस्माईलभाई मागच्या खोलीत गेले. मीनानं आजोबांची बाही ओढली. रामप्रसादला हसू आलं. बंदूक रिकामी, त्यानं दोनदा तपासलेली. सगळा भार त्यानं स्वतःच्या हातावर पेलला आणि पोरीला दस्ता खांद्याला लावू दिला. तिनं अर्थातच डावा खांदा लावला, गाल टेकवला आणि तशीच थांबली. दस्ता तिच्या काखेतून मागं चार बोटं बाहेर आलेला. रामप्रसादला फोटो काढायचा मोह झाला, पण हात मोकळा नव्हता.

इस्माईलभाई फडकं घेऊन आले ते दारातच थबकले.

"फौजी, तुमचा खांदा लावा. जल्दी."

रामप्रसादनं लावला. म्हाताऱ्यानं गादीवरून बोट फिरवून बघितलं आणि फडक्यानं तेल टिपलं. दोघं आजोबा-नात मीनाला बूट घेऊन, मोसंबीचा रस पिऊन संध्याकाळच्या बसनं घरी आले.

मग लोकसभा आली. बंदूक जमा झाली, निकालानंतर परत आली. घरी आल्यावर रामप्रसादनं सवयीनं ती खांद्याला लावली आणि त्याचा अंगठा नाकाला लागला. पुन्हा लावली, पुन्हा लागला. त्यानं बनियन काढून लावून बघितलं, मग दैवशालाबाईची शिवणाची टेप घेतली. चौदा इंच. साडेचौदाचे चौदा झाले होते.

इस्माईलभाईंनी ते मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"लाकूड आखडलं असंल," रामप्रसाद म्हणाला.

"लाकूड आडवं आखडतं, फौजी. लांबीत न्हाई आखडत." त्यांनी गादीचे स्क्रू बघितले. स्क्रूच्या खाचेत त्यांनी भरलेलं मेण जसंच्या तसं होतं. "मीच चुकलो असंन मोजताना. उमर झाली."

चूक मान्य करताना त्यांचा चेहरा मात्र चूक केलेल्या माणसाचा नव्हता. त्यांनी गादीच्या आत अर्ध्या इंचाची लाकडी चकती घातली, पैसे घेतले नाहीत, आणि रामप्रसाद घरी आला.

विधानसभेच्या वेळी त्यानं बंदोबस्त केला. फौजी माणूस, एकदा फसला की दुसऱ्यांदा नोंद करतो. दैवशालाबाईकडून त्यानं मांजरपाटाची खोळ शिवून घेतली, बंदुकीच्या अंगाला घट्ट, वरून दुहेरी टाका. गाठीवर लाख ओतून स्वतःच्या अंगठीचा ठसा उमटवला. ठाण्यात मच्छिंद्र हवालदार होता. तो हसायला लागला.

"मेजर, बंदूक जमा करून राह्यले का नवरी पाठवून राह्यले?"

"पावतीवर लिहा. दस्ता साडेचौदा इंच."

"असं कुठं लिहीत अस्तेत का?"

"लिहा हो. तुमचं काय जातंय?"

मच्छिंद्रनं लिहिलं. निकालानंतर आठव्या दिवशी रामप्रसाद गेला. मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप त्याच्यासमोर उघडलं. लाख शाबूत होती, ठसा शाबूत होता, दैवशालाबाईचा टाकाही तोच. मग त्यानं बंदूक हातात घेतली. खोळीच्या खालच्या टोकाला दोन बोटं कापड रिकामं लोंबत होतं.

तो ती खोळ न उघडता तसाच बसमध्ये बसला आणि जालन्याला गेला. इस्माईलभाईंनी दुकानाचं दार आतून लावलं. टाके उसवले. साडेबारा इंच. आणि नुसती लांबीच नाही. मूठ धरायची जागा बारीक झाली होती. गाल टेकवायची खळगी दस्त्याच्या डाव्या अंगाला असायची, ती आता उजव्या अंगाला होती. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता.

म्हातारा बराच वेळ खळगीवरून अंगठा फिरवत राहिला.

"कोणाचं काम हाय हे?" रामप्रसादनं विचारलं.

"काम माझंय."

"म्हंजे?"

"कानस अशी तिरपी मारून शेवटाला उलटी फिरवतो मी. वालिदनं शिकवलं तसं. जालन्यात दुसरं कोणी न्हाई मारत." त्यांनी मान हलवली. "हे मी केलेलं हाय, फौजी. पण मी केलं न्हाई."

त्यांनी गादीचे स्क्रू काढले. मधे घातलेली चकती नव्हतीच. लाकडाच्या तोंडावर शिसपेनीचं माप होतं, त्यांच्याच वळणाचं. पण साडेचौदा नाही. साडेदहा.

"दस्ता तर साडेबाराचा," रामप्रसाद म्हणाला.

"हां. म्हंजे काम पुरं न्हाई झालं अजून."

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना. इस्माईलभाईंनी तो आवाज थांबेपर्यंत वाट बघितली.

"त्या दिवशी तेल ओलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "आमच्यात रिवाज हाय. तेल ओलं असताना पहिला खांदा मालकाचा. गालाचा, हाताचा दाब बसतो लाकडावर, इतकंच. दुसरं काही न्हाई. वालिद म्हणायचे, दुसऱ्याचा पहिला खांदा लागू द्यायचा न्हाई. कामून, ते मी कधी विचारलं न्हाई."

रामप्रसाद भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. फौजेत त्यानं बर्फात गाडलेली माणसं बाहेर काढली होती आणि त्याच रात्री जेवून झोपला होता. बसमध्ये त्यानं सगळ्या शक्यता मांडल्या: ठाण्यात कुणी खोडसाळपणा केला असेल, म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, आपली बंदूक दुसऱ्या कुणाच्या बंदुकीशी बदलली असेल. नळीवरचा नंबर त्यानं परवान्याशी ताडून बघितला. नंबर तोच होता.

घरी मीना अंगणात बसून अभ्यास करत होती. "ये गं, फ्रॉक शिवायचाय तुला, माप घेऊ," तो म्हणाला. फ्रॉकचं माप आजोबा कधीपासून घ्यायला लागले, असं पोरीनं विचारलं नाही. तिनं आपण होऊन डावा हात कोपरात दुमडला आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं घडीपासून बोटापर्यंत टेप लावला.

साडेदहा.

त्या क्षणी रामप्रसादला वाटली तशी भीती त्याला सीमेवरही वाटली नव्हती. तिथं निदान समोर कोण आहे हे ठाऊक असायचं. त्याला एकच गोष्ट हवी होती: ही पोर आणि ती बंदूक पुन्हा कधी एका छताखाली यायला नको. नोकरी गेली तरी चालेल. काडतुसांचा डबा त्यानं त्याच दिवशी जिनिंगच्या तिजोरीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून प्लास्टिकचा जुना दस्ता काढला आणि बंदुकीला बसवला. शिसवीचा दस्ता कुऱ्हाडीनं फोडून मागच्या दारच्या चुलीत घातला, अंघोळीच्या पाण्याखाली. शिसवी जळायला वेळ लागला. जवसाच्या तेलाचा वास घरभर झाला. मीना शाळेतून आली ती दप्तर न उतरवता चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आबा, कामून जाळून राह्यले?"

"किडलं व्हतं, बाळा."

तिनं काही हट्ट केला नाही, रडलीही नाही. राख होईपर्यंत तिथंच उभी राहिली, आणि मग शांतपणे म्हणाली, "बरं."

जिनिंगच्या मालकाला त्यानं सांगितलं की बंदूक आता झेपत नाही, खांदा दुखतो. मालकानं त्याला फाटकावरच्या नोंदवहीवर बसवलं. गावात 'मेजर' म्हणणारे जरा कमी झाले. रामप्रसादनं ते मनाला लावून घेतलं, नाही असं नाही. पण मीना रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाई, आणि तेवढ्यानं त्याचं मन निवत होतं.

बंदूक मात्र घरातच होती, कपाटात, दोन कुलपांमागं. परवान्याची बंदूक सहज कुणाला देता येत नाही, आणि कागद जिल्ह्यावरून हलायला वर्ष जातं. म्हणून नगरपरिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा या खेपेला सगळ्यात आधी ठाण्यात पोचला तो रामप्रसाद. नळी त्यानं घरून स्वच्छ पुसून आणली होती. प्लास्टिकचा दस्ता, काळा, ओबडधोबड. त्यानं तो मोजलाही नाही. पाठ फिरवून बाहेर आला तेव्हा त्याला हलकं वाटलं.

तो महिना चांगला गेला. मीनाला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. दैवशालाबाई म्हणाली, सवत गेल्यापासून तुमच्या अंगाला मांस चढलं.

निकालानंतर तो ठाण्यात गेला तो अर्ज घेऊनच. बंदूक नको, परवाना नको, कायमची जमा करून घ्या. मच्छिंद्रनं अर्ज दोनदा वाचला.

"मेजर, एवढी हौसेनं करून घेतली अन् देऊन टाकता? नातीसाठी केली का काय?"

"काय केली?"

मच्छिंद्र आत गेला आणि बंदूक घेऊन आला. टेबलावर ठेवली.

दस्ता शिसवीचा होता. तेलानं चमकत होता. मूठ इतकी बारीक, की रामप्रसादची तीन बोटंही तिच्यावर मावली नसती. खळगी उजव्या अंगाला. कातडी पट्टा आखूड बांधलेला, आणि त्याला एक नवं भोक पाडलेलं.

"मी प्लास्टिकचा दस्ता लावून दिल्ता," रामप्रसाद म्हणाला.

"काही तरीच. हेच व्हतं की. किल्ली माझ्याकडंच अस्ती." मच्छिंद्रनं नाक नळीजवळ नेलं. "पण साफ करून द्यायची ना, मेजर. बारुदीचा वास येऊन राह्यलाय."

रामप्रसादनं नळीत बघितलं. आत काजळी होती. ओली, ताजी.

त्यानं बंदुकीला हात लावला नाही. अर्जावर सही केली. मच्छिंद्र ती आत घेऊन गेला, लोखंडी दार लागलं, कुलूप पडलं. कुलूप ओढून बघायला रामप्रसादनंच सांगितलं. मच्छिंद्रनं ओढून दाखवलं.

दुपारचे तीन वाजले होते. फाट्यावर उतरून तो घराकडं चालत आला. ऊन चांगलं होतं. कापसाच्या गाड्या उलट दिशेनं जात होत्या. त्यातला एक गाडीवाला रामराम म्हणाला, रामप्रसादनंही रामराम केला. संपलं, असं तो स्वतःला सांगत होता. तिकडं कुलूप, इकडं पोर.

दैवशालाबाई दारातच होती.

"बघा हो जरा तुमच्या नातीला. शाळेत पडली म्हणती. मला दाखवून न्हाई राह्यली."

मीना अंगणात उभी होती. गणवेश अजून अंगावरच. रामप्रसाद गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिच्या गणवेशाची गुंडी काढून कापड डाव्या खांद्यावरून खाली केलं.

खांद्याच्या पुढच्या अंगाला, हाडाच्या आतल्या बाजूला, काळानिळा वण होता. त्याच्या कडेला हिरवट. हिरव्याच्या कडेला पिवळा.

फौजेत भरती झालेल्या प्रत्येक पोराच्या खांद्यावर पहिल्या महिन्यात असा वण असतो. दस्ता धक्का देतो तिथं. निळ्याचा हिरवा व्हायला पाच-सहा दिवस लागतात. पिवळा व्हायला दहा.

"दुखतंय का, बाळा?"

"पहिल्यांदा दुखलं व्हतं," मीना म्हणाली. "आता न्हाई."

"कशानं झालं?"

तिनं कापड वर ओढून गुंडी लावली. मग ती मागं सरली, मोजून पाच पावलं, भिंतीपर्यंत. डावा पाय मागं घेतला. दोन्ही रिकामे हात समोर उचलून मान किंचित कलती केली. उजवा डोळा मिटला.

रामप्रसाद उठायला लागला.

"हलू नका ना, आबा."